गुंजवण्याची चढण

त्या सकाळी मी जपाची माळ तिसऱ्यांदा खाली ठेवली, आणि जो विचार मनात येऊ नये म्हणून दोन वर्षं धडपडले होते, तोच आला. देवीपर्यंत आपलं काही पोचतच नसेल तर? पोचणार तरी कसं, माझं नामस्मरण मलाच ऐकू येत नव्हतं. आमच्या गाडीपासून वीस पावलांवर सारोळ्याकडच्या एका मोठ्या कुटुंबानं ताडपत्री ताणून मुक्काम टाकला होता. उजाडल्यापासून त्यांचा स्पीकर चालू. पुरुषांचे पत्त्यांवरून वाद, बायकांचं खळाळून हसणं, आणि या सगळ्याच्या वर त्यांच्या अक्कांचा आवाज. अक्का सत्तरीच्या असतील, पण त्यांनी कुणाला चहाला हाक मारली की ती समोर राजगडावरही ऐकू जावी.

आम्ही दोघं तिथं कसे पोचलो ते सांगते. माझं उभं आयुष्य भोरच्या एका कचेरीत कारकुनी करण्यात गेलं. हे एसटीत ड्रायव्हर. घाटातल्या गाड्या यांनी तीस वर्षं चालवल्या आणि एकाही प्रवाशाला खरचटू दिलं नाही, हे मी आजही मान वर करून सांगते. निवृत्तीनंतर यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. झोपायला दोन बाकं, शेगडीचा ओटा, टपावर पाण्याची टाकी, ड्रायव्हरच्या सीटमागे देवीच्या तसबिरीपुरती फळी. आळीत सगळे तिला घरगाडी म्हणायचे. पहिल्या प्रवासाला निघायच्या आदल्या आठवड्यात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी वेल्ह्याच्या मेंगाई आईला म्हटलं, यांना पुन्हा त्या गाडीत बसू दे, मी यांना त्याच गाडीतून तुझ्या दारात आणीन. गाडी चालवणार कोण, याचा विचार नवस बोलताना केलाच नव्हता.

हळूहळू हे काठीच्या आधारानं चार पावलं टाकू लागले. शब्द मात्र एकेक करून, घासत यायचे. सबंध वाक्य कधीच नाही. गाडी पत्र्याच्या शेडखाली धूळ खात पडली. मुलगी म्हणाली, विकून टाका. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तेव्हा वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी स्टिअरिंग हातात घेतलं. आधी रीतसर क्लासला गेले, परवाना काढला. मग हे शेजारच्या सीटवर बसून डाव्या हातानं शिकवू लागले. तळवा खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे ब्रेक, बोट पुढं म्हणजे जाऊ दे. पहिल्यांदा भोरच्या बाजारपेठेतून गाडी काढली तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात निघालो. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला आलो. तिथं ओढ्याकाठी तात्यांची आमराई आहे. गडावर जाणाऱ्यांना ते मुक्कामाला जागा देतात. दोन दिवस मौन धरून नाम घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी वेल्ह्याला दर्शनाला जायचं, असा माझा संकल्प होता. तो पहिल्याच सकाळी मोडला. मी तरातरा गेले आणि म्हणाले, "अहो, आवाज जरा कमी करा. माझा जप चाललाय."

अक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आवं बाई, वर्सातनं येकदा घराभाईर पडतो आमी. हितं बी त्वांड दाबून बसायचं व्हय?" पण लगेच मागं वळून ओरडल्या, "ए, कमी करा रं त्ये! बाई द्येवाचं करत्यात."

स्पीकर तासभर गप्प राहिला. तेवढ्यात अक्कांनी सुनेच्या हाती गरम थालिपीठं पाठवली. मी ती यांना दिली, स्वतः खाल्ली नाहीत. आज उपास आहे असं सांगितलं. खरं तर तो राग होता, मी त्याला उपास म्हटलं. नंतर गाणी पुन्हा सुरू झाली. हे मात्र बाकावर बसून डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वारा पडला. राजगडामागून काळंनिळं आभाळ वर आलं आणि पाच मिनिटांत वळवानं झोडपायला सुरुवात केली. मी पुष्कळ वळीव पाहिलेत, हा वेगळा होता. गारांनी टप बडवायला घेतलं, एकमेकांशी बोललेलं ऐकू येईना. शेजारची ताडपत्री उडून आंब्यात अडकली, तिचा खांब अक्कांच्या पायावर पडला आणि एक मोठी फांदी त्यांच्या पिकअपच्या पुढच्या काचेवर आली. मी दार उघडलं आणि हात हलवून सगळ्यांना बोलावलं. अकरा माणसं आमच्या घरगाडीत शिरली. चिखल, ओली लुगडी, रडणारी पोरं, मिरचीच्या ठेच्याचा वास. ज्या बाकावर मी शांततेत जप करू पाहत होते, तिथं अक्का पाय धरून विव्हळत होत्या.

तोवर डोक्यावर पोतं घेतलेले तात्या काचेवर थापा मारायला लागले. "बाई, गाडी वर घ्या! ओढा फुगलाय, पानी आमराईत घुसतंय. साळंपाशी न्या!"

शाळा वर होती आणि तिकडे जाणारी वाट म्हणजे उभी, तांबड्या मातीची चढण. कोरडी असतानाही मी ती जपून उतरले होते. उतरून चालत जावं तर वर उघडा माळ, डोक्यावर विजा. हे आणि अक्का दोघंही चालू शकणारे नाहीत. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी बोट पुढं केलं.

अक्कांच्या दोन्ही मुलांनी आणि पुतण्यांनी काही न विचारता खाली उड्या टाकल्या. बायका-पोरांना मागं बसवून मी गाडी काढली. अर्ध्या चढणीपर्यंत गेलो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग गाडी हातभर मागं घसरली. मी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला. आरशात खाली गढूळ पाणी दिसत होतं. खाली उतरलेली माणसं गारा खात चाकांखाली दगड लावत होती; त्यांनी आपलीच फाटकी ताडपत्री ओढून आणली आणि टायरखाली कोंबली. हे कमकुवत बाजूला कलंडत होते, त्यांना समोरचं दिसेना. अक्का तसल्या पायानं सरकत पुढं आल्या, खाली बसल्या आणि मागून दोन्ही हातांनी यांना धरून सरळ ठेवलं.

मी नाम घ्यायला तोंड उघडलं. नामच आठवेना. दोन वर्षं रोज घेतलेलं नाव, आणि त्या क्षणी ओठांवर काही नाही. मनात एवढंच आलं, आई, मला काहीच येत नाही. आता तूच बघ.

आणि माझ्या कानाशी अक्कांचा तो आवाज फुटला, "मेंगाई आईच्या नावानंऽऽ"

"चांगभलं!" आतली आणि बाहेरची सगळी माणसं एकदम ओरडली. त्याच वेळी डाव्या बाजूनं यांचे शब्द आले, सावकाश, पण एकही न तुटता. "घाबरू नको. क्लच हळू सोड. ती चढते."

दोन वर्षांनी ऐकलेलं ते यांचं पहिलं सबंध वाक्य. मी मान वळवून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर रडले असते. क्लच हळू सोडला. चाकांनी ताडपत्रीवर पकड घेतली, गाडी हादरली, आणि चढली. शाळेच्या पटांगणात गाडी थांबवली तेव्हा अक्कांचा थोरला चिखलानं माखलेला वर आला, माझ्या खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडं बी असला डायवर न्हाई!" आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ म्हटलंय. याच्याएवढं मोठं काही कुणी म्हटलेलं नाही.

पाऊस तासाभरात ओसरला. खाली आमच्या मुक्कामाच्या जागी पाणी उभं होतं. शाळेच्या ओसरीवर सुनांनी चूल पेटवली आणि या वेळी मी अक्कांच्या शेजारी मांडी घालून जेवले. मी म्हणाले, "अक्का, काल मी फार तोऱ्यात बोलले."

"बोललात की," त्या म्हणाल्या. "पर आज मला गाडीत घ्येतलं न्हवं? मग झालं तर."

सकाळी पिकअपच्या काचेची सोय करायला पुरुष मागं थांबले. अक्कांना आणि त्यांच्या सुनेला घेऊन आम्ही वेल्ह्याला गेलो. आधी दवाखाना. मुरगळलाय, मोडला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग देवळात. एका बाजूनं हे काठी टेकत, दुसऱ्या बाजूनं अक्का लंगडत, मधे मी, अशी आमची वरात पायरी चढली. बाहेर उभी चिखलानं लाल झालेली गाडी पाहून गुरवांनी यांना विचारलं, "कालच्या पावसातनं आणली गाडी? तुमीच चालवली का?"

यांनी डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला. शब्द पुन्हा घासतच आले, पण आले. "न्हाई. हिनं."

यांचं बोलणं त्यानंतर थोडं सुधारलं आहे. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी. असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी शांतता मागितली होती, आणि आईनं माझ्या दारात अकरा माणसं धाडून ती चढण माझ्या हातून चढवून घेतली. माझ्या अंगात तेवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं, तिला माहीत असावं. स्वतःचा अभिमान वाटणं भक्तीत बसतं की नाही, ते जाणत्यांनी ठरवावं. त्या दिवशी ओटी भरताना मी तो अभिमानही तिच्याच पायाशी ठेवला. काही मागायचं आठवलं नाही. मागं अक्का मोठमोठ्यानं गाऱ्हाणं घालत होत्या, सुनेचं, नातवंडांचं, पिकअपचं, आणि मधेच त्यांनी आमच्या दोघांचीही नावं घेतली. डोळे मिटून मी ऐकत राहिले.