दर दहावा ठिपका

थर्मासमधल्या वेलचीच्या चहाचा वास आला की मला अमेरिकेतल्या कॅरी गावाहून ऑफिसला नेणारी ती गाडी आठवते. मी नवी होते आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. पेशींच्या स्लाइडचा मोठा फोटो आलेखात दाखवायला गेलं की आमचा प्रोग्रॅम मेमरी संपून बंद पडायचा. तीन दिवस शोधल्यावर कारण सापडलं: स्क्रीनवर मावणारच नाही असा अख्खा फोटो तो मेमरीत भरत होता, खरं तर फोटोतला दर दहावा ठिपका, म्हणजे पिक्सेल, घेतला तरी चित्र तसंच दिसलं असतं. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून मी ते आधी गाडीत, मराठीत, ड्राइव्ह करणाऱ्या सीनियरना सांगितलं. त्यांना मी दादा म्हणायचे. "भारी आहेस यार! कोड पाठव, एकदा बघतो," ते म्हणाले, आणि सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मला चहा ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो कोड त्यांचा झाला होता. "पण दहावाच का?" मॅनेजरनं विचारलं. दादा माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प बसू शकले असते. पण "फोटो स्क्रीनच्या दहापट रुंद आहे," असं मीच हळूच सांगून टाकलं. मॅनेजर खूश होऊन दादांना म्हणाली, "हिला छान शिकवलंस." परतताना दादा म्हणाले, "तू बोलत नाहीस ना गं, म्हणून मी बोललो." माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, त्यांच्याच शिफारशीनं, आणि थँक यूसुद्धा मीच म्हणाले. आता मी एकटी ड्राइव्ह करते. मीटिंगआधी कुणाला काही सांगत नाही, मराठीत तर नाहीच.