आयांची रांग

सगळे तिला डोळेवाली म्हणत. लिंबाच्या रानटी रोपाच्या खुंटावर साल चिरून चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, भरून रोपं तयार करायची, हे तिचं काम. कुणी नवखा चष्म्याचा नंबर काढायला यायचा आणि हाताखालची मावशी हसून हसून बेजार व्हायची.

रोपवाटिकेचा सगळा डोलारा बांधालगतच्या सदतीस झाडांवर उभा होता. बावीस वर्षांपूर्वी एका फांदीला बिनबियांची लिंबं धरलेली तिला दिसली. त्या फांदीपासून तिने ही झाडं वाढवली. परवानाही त्यांच्यावरच होता; दरवर्षी तपासनीस येऊन झाडं निरोगी असल्याचं लिहून जात. बाहेरचा डोळा आणून भरायला मुभा नव्हती. ती त्या ओळीला ‘आयांची रांग’ म्हणे.

जमीन मात्र भावाच्या नावावर. तू कसशील तोवर तुझी, असं वडील तोंडी सांगून गेले होते. भावाने ते कधी मोडलं नाही, पण कागदावरही आणलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅसच्या पाइपलाइनची माणसं आली आणि लाल झेंड्या रोवत थेट रांगेतून गेली. जमीन तुमचीच राहील, नुकसान भरून मिळेल, फक्त त्या पट्ट्यावर पुन्हा झाड लावायचं नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. ते समजलं तशी ती झेंड्या मोजत रांगेच्या टोकापर्यंत गेली.

नुकसानभरपाई ठरवायला आलेला माणूस सभ्य होता. प्रत्येक बुंध्याला टेप लावून त्याने घेर लिहून घेतला. तिने विचारलं, “यातल्या एकेका झाडापासून हजारो झाडं झालीत. त्याचा भाव काय लावाल?”

त्याने कागद तिच्याकडे वळवला. “ताई, माझ्याकडे दोनच रकाने आहेत. फळझाड आणि जळाऊ लाकूड. मी सगळी फळझाडांत धरलीत.”

पाइप वीस पावलं पलीकडून न्या, असा अर्ज घेऊन तिने कंपनीच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला कळलं, अर्ज मालकाचाच लागतो, आणि मालकाने तर पंधरा दिवसांपूर्वीच संमती दिलीय.

ती तशीच भावाच्या घरी गेली. तो जेवत होता. ताट बाजूला सारून म्हणाला, “सगळे पैसे तुलाच देणार होतो गं.”

“मग मला विचारायला काय झालं होतं?”

त्याला खरंच वाटलं होतं, चार झाडांचे चांगले पैसे येतायत, ताईचं भलंच होईल.

यंत्र आलं त्या सकाळी ती पहिल्या झाडाला पाठ टेकून बसली. मुकादमाने भावाला बोलावून घेतलं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “ऊठ. सही माझी आहे. तू बसलीस तर ते मला धरतील.”

कंपनीशी ती भांडली असती. त्याच्याशी भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिने आठ दिवस मागितले, चार मिळाले.

डोळा भरायचा तो थंडीत, साल सुटते तेव्हा. या उन्हात डोळे जगणार नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तिने आणि मावशीने आयांच्या डोळे असलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सहाशे खुंट भरले. साल सुटेना, चाकू बोटात शिरे. पाचव्या दिवशी करवती चालल्या. मावशी रडली, ती भरलेल्या खुंटांना पट्ट्या बांधत राहिली.

तीन आठवड्यांनी तिने एकेक पट्टी सोडली. डोळा हिरवा असेल तर जगला. काळा, काळा, काळा. चार हिरवे निघाले, त्यातले तीन पुढे वाळले. उरलेल्या एकावर परवाना मिळेना. खात्याने सांगितलं, नवी झाडं पाच वर्षांची झाली की या. तिला एकसष्टावं चालू होतं.

भावाने सगळी रक्कम आणून दिली, पैही ठेवली नाही. तिने ती घेतली. रोपांसाठी आगाऊ पैसे दिलेल्यांना परत द्यायचेच होते. मावशी दुसरीकडे धुणंभांडी करू लागली.

आता ती एका मोठ्या रोपवाटिकेत रोजावर डोळे भरते. भाऊ दर रविवारी येतो, ओसरीत बसतो. ती त्याच्यापुढे चहा ठेवते आणि आत जाते. कप रिकामा झाला तरी तो बराच वेळ उठत नाही.