ठाण्यातली माझी माफी

“मास्तर, हात नीट जोडा. छातीपाशी. देवापुढं जोडता तसे.”

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मी भिंतीपाशी उभा होतो. शेजारी माझी मुलगी वैशाली. समोर व्हिडिओसाठी मोबाइल धरून हे सांगणारा शिपाई. खुर्चीत साहेब, आणि त्यांच्या बाजूला बसून चहा पिणारा बियाण्याचा दुकानदार. त्याच्याच तक्रारीवरून आम्हाला बोलावलं होतं.

वैशाली मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ करायची. आपल्या बोलीत. मूर्तिजापूरपासून चांदूर रेल्वेपर्यंतच्या बाया ते बघायच्या. सासर सोडून आलेल्या माझ्या मुलीचं आणि तिच्या लेकीचं पोट त्यावर चालायचं. त्या वर्षी शेतंच्या शेतं सोयाबीन उगवलंच नाही. तिनं याच्या दुकानातली बियाण्याची पिशवी कॅमेऱ्यासमोर फोडली, दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले, काही दिवसांनी उलगडून दाखवले. बहुतेक कुजलेले. एवढाच तिचा गुन्हा.

“इंटरनेटवर बदनामी करून राहिली तू. लय मोठं कलम लागते,” सुरुवातीला साहेब तिला म्हणाले होते.

“कोणतं?” वैशालीनं विचारलं.

“आत टाकल्यावर वाचून दाखवतो. चहासंगं.”

दुकानदाराला हसताना ठसका लागला.

वैशालीनं मोबाइलसमोर माफी मागायला साफ नकार दिला. मग साहेब माझ्याकडे वळले.

“पोरीच्या तोंडी कोण लागते? मास्तर, तुमीच बोला. साऱ्या पंचक्रोशीनं तुमच्या हातचा मार खाल्ला. तुमचं ऐकतात लोक.”

मी बोललो. बियाणं चांगलं आहे, माझी मुलगी खोटं बोलली. शिपायाला आवाज बारीक वाटला. मी पुन्हा बोललो. मोठ्यानं, वर्गात बोलायचो तसा.

बाहेर आल्यावर वैशाली एवढंच म्हणाली, “बाबा, त्यायनं मले मारलं असतं तं चाललं असतं.”

माझी माफी घरोघरच्या मोबाइलवर फिरली. दुकानात उरलेल्या पिशव्या माझ्या शब्दावर खपल्या. दुबार पेरणीलाही तेच बियाणं गेलं. तेही कुजलं. ते घेणारे माझेच विद्यार्थी होते. भांडले असते तर बरं झालं असतं. ते मला पाहून रस्ता बदलायला लागले.

पुढं वैशालीचं चॅनलच बंद झालं. कुणी केलं, कोणत्या आदेशानं, एका ओळीनंही कळवलं नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. मी ओट्यावर बसून पाहत राहिलो. कधी वय झालं म्हणायचो, कधी बीपी वाढलं म्हणायचो. खरं म्हणजे भ्यायलो होतो.

आता चॅनलसाठी तिनं अकोल्याच्या कोर्टात दावा लावला आहे. समोरच्या वकिलानं पुरावा म्हणून माझाच व्हिडिओ दाखल केला. बापच म्हणतो पोरगी खोटारडी, मग चॅनल कशाला हवं?

परवा मेहुणा आला. “भाऊजी, साक्षीच्या तारखेला आजारी पडा ना जरासे. पोलिसायच्या नादी काहून लागता?”

“नाई पडत,” मी म्हणालो.

मी साक्षीला उभा राहणार. खोटं मी बोललो, मुलगी नाही. ते मला कुणी बोलायला लावलं, तेही सांगणार. साहेबाचं नाव घेईन, दुकानदाराचं घेईन. सगळ्यात आधी माझं. मला जी शिक्षा व्हायची ती होऊ द्या. पण चॅनल तिचं आहे, ते तिला परत द्या. द्यायचं नसेल तर का नाही ते कागदावर लिहा आणि खाली सही करा. तोंडी हुकूम आता माझ्या घरात कुणी पाळणार नाही.