भांड्यांची मुळीच वाण नाही

आमच्या कॉलनीत नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी क्वार्टर विचारत. लग्न होऊन साताऱ्याकडून आले त्या पहिल्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानात एका बाईनं मला विचारलं, "कुठल्या टाईपात?" मला वाटलं, तब्येतीचं काही विचारते आहे. "लायनीतल्या आहेत त्या," असं मागून कुणीतरी परस्पर सांगितलं, आणि ती बाई पुढं माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती स्वतः बी टाईपात राहायची. म्हणजे आमच्यापेक्षा एक खोली जास्त आणि संडास घरात. एवढ्या भांडवलावर माणसं मान ताठ करून चालत होती.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर मशीनचे सुटे भाग करणारा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि आमचे हे तिथे फिटर होते. मुरमाच्या रस्त्याच्या अलीकडे आमच्या लायनी. एक खोली, एक स्वयंपाकघर, दहा घरांत मिळून एक नळ. पाणी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. रस्त्याच्या पलीकडे साहेब लोकांचे बंगले. तिथे हिरवळ होती. मे महिन्यातसुद्धा हिरवळ होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

माझ्या शेजारी एक मूळची इथलीच बाई राहायची. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. कारखान्यात तिच्या सासऱ्याची जमीन गेली होती आणि त्या बदल्यात नवऱ्याला हेल्परची नोकरी मिळाली होती. मोठ्या साहेबांच्या बंगल्याकडे हात करून ती एकदा मला म्हणाली, "थितं आमचा हरभरा व्हायचा. लई ग्वाड." बस्स, त्यावर पुढं काही नाही. तिचा तो निर्विकारपणा मला तेव्हा अडाणीपणा वाटायचा. मी सातवी फायनल पास होते ना.

ह्या सातवीनंच माझा घात केला. कॉलनीत महिला मंडळ होतं. मोठ्या साहेबांच्या पत्नी त्याच्या अध्यक्ष. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मुंबईच्या होत्या, दुपारच्या वेळी त्यांना करमत नसे, आणि ज्या बायकांना दुपारी करमत नाही त्या इतरांना सुधारायला निघतात. त्या वर्षी माघात मोठ्या बाईंनी जाहीर केलं की लायनींमध्ये 'आदर्श घर' स्पर्धा घ्यायची. स्वच्छता, टापटीप आणि मांडणी ह्यांना मार्क. परीक्षक दोन, स्वतः मोठ्या बाई आणि कारखान्याच्या डॉक्टरांची बायको. बंगल्यांमध्ये स्पर्धा नव्हती. बंगले जन्मतःच आदर्श.

मार्क लिहून घ्यायला आणि नंतर अहवाल करायला सुवाच्य अक्षराची बाई हवी होती. मला बोलावणं आलं. खोटं कशाला सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. ह्यांनी विचारलं, "तुला काय मिळणार त्यातून?" मी म्हटलं, "सगळंच मिळवण्यासाठी करायचं असतं का?" आणि लग्नातलं जांभळं इरकल बाहेर काढलं. चार घरं पलीकडच्या बायकांची घरं तपासायला मी इरकल नेसून निघाले. आजही ते लुगडं डोळ्यांपुढं आलं की मला माझा संताप येतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पहिल्या घरात शिरलो. मोठ्या बाईंनी फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, आत डोकावल्या, पुन्हा लावलं. घरची बाई भिंतीला टेकून उभी, जशी काही झडतीच चालली होती. झडतीच होती ती. फक्त पोलीस निदान डब्यात किती तांदूळ आहेत ते पाहून "छान, छान" म्हणत नाहीत.

दुसऱ्या घरात एक बाळंतीण होती. शेगडीवर शेपा-ओव्याची धुरी चाललेली. डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. "अजून हे सगळं करता तुम्ही?" असं विचारून त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "दहापैकी तीन लिहा." मी तीन लिहिले. अक्षर फार सुंदर आलं होतं.

तिसऱ्या घरात मात्र दोघी दारातच थबकल्या. मांडणीवर पितळी डबे ओळीनं लावलेले, खाली तीन हंडे, चार कळशा, एक मोठं घंगाळ, सगळं चिंचेनं घासून लखलखीत. "अगं बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या. "केवढी भांडी! पाहिलंत? आणि म्हणे कामगार गरीब."

मी पाहिलं. घंगाळाच्या काठाला एक पोचा होता. तो पोचा माझ्या वरातीत बैलगाडीतून घंगाळ पडलं तेव्हाचा. त्यावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं आणि ते नाव सरळ मोठ्या बाईंकडे तोंड करून होतं. मी पुढं झाले, घंगाळ कौतुकानं उचलल्यासारखं केलं आणि नाव भिंतीकडे फिरवून ठेवलं. त्या घरातली बाई माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच हसली.

मग मला कळलं. लायनीच्या मागून एक बोळ जायची आणि सगळ्या घरांची मागची दारं त्या बोळीत उघडायची. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो की मागच्या दारानं हंडे, कळशा, डबे पुढच्या घरात जात होते. हे सगळं अक्कानं जमवलेलं होतं, आणि मी परीक्षकांबरोबर असणार म्हणून मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असायची, त्यामुळं माझंही घंगाळ त्या दिंडीला लागलं. पुढं पाचव्या घरात ते मला भेटलं, आठव्या घरातही. प्रत्येक घरी मोठ्या बाई "अगं बाई!" म्हणत होत्या. पोचा आलेलं एकच घंगाळ तीन घरांत पाहून एकदाही त्यांना शंका आली नाही. गरिबांची भांडी सगळी सारखीच दिसत असणार त्यांना. माणसंही सारखीच दिसायची.

पण मला राग आला तो अक्काचा. आपल्या ह्या लायनीतल्या बायका मला खोटारड्या वाटल्या, हलक्या वाटल्या. आपण साहेबांच्या बायकांसमोर तोंडघशी पडू, एवढीच मला धास्ती. संध्याकाळी मी तिला म्हटलंही, "अक्का, हे असं करायला नको होतं."

ती नळावर बसून हंडा विसळत होती. "का वं वैनी? त्यांस्नी बगायचं हुतं, आमी दाखिवलं. कुनाचं काय ग्येलं?"

अहवाल मी दोन दिवस खपून लिहिला. "कामगार भगिनींची घरे नीटनेटकी असून घरोघरी पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांची समृद्धी दिसून आली. पाणी साठवण्यास भांड्यांची मुळीच वाण नाही." हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मला ते फार आवडलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी लिहिलं, कारण वाक्य चांगलं जमलं होतं आणि मोठ्या बाई वाचून खूश होणार होत्या. झाल्याही. पहिलं बक्षीस ज्या घराला मिळालं त्या घरातलं एकही भांडं त्या घरचं नव्हतं. बक्षीस म्हणून काचेची फुलदाणी दिली. लायनीत फुलं कुठली? त्या बाईनं तीत पळ्या आणि झारा उभा करून ठेवला.

चैत्र लागला आणि नळाचं पाणी अर्ध्या तासावर आलं. बायका पवना नदीवरून पाणी आणू लागल्या, जाऊन येऊन दीड-दोन तास. शेवटी लायनीतले पाच पुरुष मोठ्या साहेबांकडे गेले. मागणी एवढीच, की लायनीसाठी एक पाण्याची टाकी बांधा. त्या पाचांत आमचे हे होते.

दुपारी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि भिंतीला पाठ लावून बसले. मी विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"वाचून दाखवलं त्यांनी आम्हाला."

"काय?"

"पाणी साठवण्यास भांड्यांची मुळीच वाण नाही," हे एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "म्हणाले, घरोघरी तीन-तीन हंडे आहेत तुमच्या, तुमच्याच बायकांनी लिहून दिलंय. आल्या पाण्यात भरून ठेवत नाही, हा तुमचा आळस. टाकी कशाला हवी?" मग थोडं थांबून म्हणाले, "अक्षर ओळखलं मी तुझं."

मग हंडा उचलून ते नदीच्या वाटेला लागले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेले. माळी रबरी नळीनं हिरवळीला पाणी घालत होता. मोठ्या बाई व्हरांड्यात लोकर विणत होत्या, एप्रिल महिन्यात लोकर. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. भांडी एकाच संचातली, मागच्या बोळीतून फिरलेली, घरटी एखादाच हंडा.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला फसवलंत."

"बाई, तुम्ही घर बघायला येणार म्हणून लाजेखातर केलं त्यांनी."

"भांडी दाखवा असं मी म्हटलं होतं का? आम्ही स्वच्छता पाहायला आलो होतो."

"पण बाई, मार्क तर ज्यांच्याकडे भांडी दिसली त्यांनाच मिळाले."

त्यांनी सुईवरचे टाके मोजले. मग सुस्कारा सोडून म्हणाल्या, "चूक आमचीच. प्रामाणिकपणाला मार्क ठेवायला हवे होते. पुढच्या वर्षी ठेवू."

मी म्हटलं, "मग अहवाल बदलून देऊ का? टाकीचं तेवढं..."

"तो गेला मुंबईच्या ऑफिसला. आणि हे बघा, साहेबांच्या कामात मी लक्ष घालत नाही." त्यांनी पुन्हा विणायला घेतलं. मी निघाले तेव्हा नोकराकडून त्यांनी मला जुन्या मासिकांचा गठ्ठा देवविला. "तुम्हाला वाचनाची आवड आहे, न्या." मी तो घेतला. आभारसुद्धा मानले.

घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. "म्हंजी आपुन कागदावर शिरीमंत झालो म्हना की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन रस्ता ओलांडून थेट बंगल्याच्या बागेत शिरली. माळी तिच्याच गावचा, त्यानं नळी बाजूला केली. तिच्या मागं लायनीतल्या सात-आठ जणी. मीही होते, सगळ्यांच्या शेवटी.

मोठ्या बाई बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

अक्कानं भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्याच कागदात हाय न्हवं, भांडी लई हायती म्हनून? भांडी हायती. पानी न्हाई."

मोठ्या बाईंची नजर आमच्यावरून फिरत फिरत माझ्यावर आली. आणि मी काय केलं? कळशी खाली ठेवली आणि पदर सारखा केला, जणू मी सहज तिकडून चालले होते. अक्कानं ते पाहिलं. जाताना माझी कळशीही तिनंच भरून नेली.

आठ दिवस बायका तिथून पाणी भरत राहिल्या. नवव्या दिवशी बागेतल्या नळाभोवती लोखंडी पेटी बसली आणि पेटीला कुलूप. माळ्याची बदली कोळशाच्या ढिगाऱ्यावर झाली. टाकी झाली ती पुढल्या वर्षी, आणि तीही आमच्यासाठी नाही. पाहुण्या साहेबांसाठी आमच्या बाजूला विश्रामगृह बांधलं, आणि पाहुण्यांना दिवसभर पाणी लागतं हे मात्र कुणाला अर्ज करून पटवावं लागलं नाही. पाहुण्यांचं भागून उरलेलं आम्हाला मिळू लागलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हे चार्जमन झाले आणि आम्हाला बी टाईप मिळालं. मी वेताच्या दोन खुर्च्या घेतल्या. पहिल्याच आठवड्यात अक्का आली. थेरगावला तिचं माहेर होतं, तिथून आणलेली वांगी पदरात घेऊन. दारातून आत आली, खुर्च्यांकडे पाहिलं आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली.

"अक्का, वर बस," एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण समोरच्या खिडकीत शेजारची बाई उभी होती, तीच, जिनं मला पहिल्या आठवड्यात टाईप विचारला होता. मी म्हटलं, "थांब हं, चहा टाकते."

अक्कानं चहा घेतला, घर चांगलं आहे म्हणाली, पोराच्या लग्नाचं बोलली. मग उठून मोरीत गेली, आपला कप स्वतः विसळला आणि पालथा घातला. मी "राहू दे" म्हटलं, पण तिचं विसळून झाल्यावर.

ती पुन्हा आली नाही. मीही लायनीत गेले नाही. मधे फक्त एक रस्ता होता. कामं फार असतात, असं मी ह्यांना सांगत असे, आणि हे मान हलवीत.