पंधराशे आठची बिल्डिंग

मुकादम मिस वर्गात शिरल्या की आधी फळ्यावर एक बिल्डिंग काढायच्या. तीन मजले, प्रत्येक मजल्याला खिडक्या, गच्चीवर पाण्याची टाकी आणि दारावर पाटी: सन १५०८. मग खडूनं काढलेल्या बेलवर बोट दाबून स्वतःच "टिंगटाँग" म्हणायच्या आणि नववीच्या मुलांकडे वळून विचारायच्या, "हू इज ॲट होम?"

मी शेजारच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवत होतो. भिंतीपलीकडून ती टिंगटाँग आली आणि माझा अख्खा वर्ग हसला. तास संपल्यावर मी जरा तिरसटपणेच विचारलं, "मिस, कोण पाहुणे आले होते?"

"पाहुणे नव्हेत, पाळणा हलला," त्या म्हणाल्या. "काबूलला. हुमायून झाला. पेढे मागू नका, सर, तिकडे सुकामेवा देतात."

ही आमची पहिली भेट. दुबईतल्या एका भारतीय शाळेत आम्ही पुढे पुष्कळ वर्षं बरोबर काढली. हमीदा मुकादम मूळच्या रेवदंड्याच्या. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, ओढणीवर कायम खडूची पूड. यजमानांचं देरा भागात मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान, राहायला करामा वस्तीत. डब्यात फणसाचं सांदण असलं की आधी स्टाफरूमभर फिरवायच्या आणि उरलं तर स्वतः खायच्या. सहसा उरत नसे.

"वर्ष म्हणजे बिल्डिंग, राऊतसर," असं त्यांनी मला समजावलं होतं. "एकाच वेळी सगळे राहतात, पण वरच्याला खालच्याचं नाव ठाऊक नसतं. तुम्ही मुलांना राजे एकाखाली एक पाठ करायला लावता. मी म्हणते, आधी शेजार बघा."

त्यांच्या पंधराशे आठमध्ये तिसऱ्या मजल्यावर रोम होतं. तिथे मायकेलअँजेलो नुकताच प्रार्थनामंदिराचं छत रंगवायला चढला होता. मधल्या मजल्यावर काबूल आणि बाळ हुमायून. तळमजल्यावर चौल, तिथल्या खाडीत त्याच वर्षी कैरोच्या सुलतानाच्या आणि गुजरातच्या जहाजांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं.

"चौल तळमजल्यावर का?" मी विचारलं.

"समुद्र दारात आहे म्हणून. शिवाय रेवदंड्याला लागून, म्हणजे माझं माहेर. मला जिने चढवत नाहीत."

मग त्या गळतीवर यायच्या. पोर्तुगीजांनी मिरीची वाट अडवली, कैरोची जकात आटली, म्हणून तिथली जहाजं थेट चौलला आली. "एकानं नळ बंद केला की दुसऱ्याच्या घरात भांडण होतं. एकानं सांडलं की खालच्याचं छत गळतं. गळती कुठून सुरू झाली ते शोधायचं, खलास, झाला इतिहास." करामातल्या जुन्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना हे लगेच पटायचं. एकानं विचारलं, "मिस, व्हॉट अबाउट खोरफक्कान?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ते इथलं बंदर पोर्तुगीजांनी आदल्या वर्षी जाळलं. दॅट इज नेक्स्ट बिल्डिंग, बेटा. पण धूर आपल्याकडे येणारच."

एका वर्षी त्यांनी गॅदरिंगला ही बिल्डिंग रंगमंचावर उभी करायची ठरवली. नववीची मुलं कामाला लागली. रंगमंचाची जबाबदारी माझ्याकडे होती. ओळखीच्या एका फोरमनकडून मी खरीखुरी परांची आणली, मिसच्या दुकानातून दोरखंड आले. पुढे कापडाची बिल्डिंग, खिडक्यांना पडदे, मागे पायऱ्यांवर मुलं बसलेली. सगळ्यात वर परांचीवर चित्रकार झालेली केतकी, हातात ब्रश आणि शेजारी बादली.

"बादलीत निळ्या कापडाच्या चिंध्या टाका, सर," मिसनी बजावलं होतं. "पाण्याचा थेंबसुद्धा नको. मुलं आहेत."

मला चिंध्या पटल्या नाहीत. लांबून खोटं वाटेल, असं माझं मत. नाटक सुरू व्हायच्या थोडं आधी, मुलं मेकअपच्या खोलीत असतील अशा समजुतीनं, मी पोस्टर कलर कालवला आणि ती बादली गुपचूप परांचीवर नेऊन ठेवली.

पुढचं त्या काळी शाळेत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. केतकीनं ऐटीत ब्रश फिरवला, कोपर बादलीला लागलं आणि रोमचं आभाळ काबूलवर कोसळलं. तिथून पाळण्यावर, पाळण्यावरून पोर्तुगीजांच्या पुठ्ठ्याच्या जहाजावर, आणि उरलेलं पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर. मग हुमायूनची दाई झालेल्या मुलीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून ओरडली, "अपस्टेअर्स पीपल! इज धिस हाउ यू लिव्ह?" हॉल हसून लोळला. पाहुणेही हसले. हसले नाहीत ते फक्त प्रिन्सिपॉल.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. "हू पुट लिक्विड इन दॅट बकेट?" प्रिन्सिपॉलनी विचारलं. माझं सुपरवायझरचं प्रमोशन तेव्हा सहीला गेलं होतं. त्या पगारावर बायकोमुलांना पुण्याहून इकडे आणायचं ठरलं होतं. मी टेबलाखाली माझ्या अंगठ्याकडे बघत होतो. नखात निळा रंग होता.

"माय प्ले, सर. माय बकेट," मुकादम मिस म्हणाल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या माझ्या शेजारून गेल्या आणि न थांबता हळूच म्हणाल्या, "राऊतसर, नखं लिंबानं घासा. साबणानं जात नाही ते."

मला वाटतं, त्या घटकेला मी मागे वळून प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. मी घरी गेलो आणि लिंबू घेतलं.

नाटकं बंद झाली. फळ्यावरची बिल्डिंगही बंद. "पोर्शन पूर्ण करा" असा आदेश आला. मिसकडून नववी काढून घेतली आणि त्यांना तिसरीवर टाकलं. मी सुपरवायझर झालो आणि त्यानंतर वर्गवाटप माझ्याच टेबलावर व्हायचं. दर एप्रिलला, नवं वर्ष सुरू होताना, त्या दारात उभ्या राहायच्या.

"राऊतसर, नववी?"

"या वर्षी जमत नाही, मिस."

"बरं. इन्शाल्ला पुढच्या वर्षी," असं म्हणून हसून जायच्या. मी एकदा खरं बोललो असतो तर नववी त्यांना त्याच दिवशी मिळाली असती. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी त्यांनी एका शब्दानं आठवण दिली नाही.

तिसरीत त्यांनी काय केलं? बिल्डिंगच काढली. पाटीवर सनाऐवजी लिहिलं: आज, करामा. पोरं आपापल्या जिन्यातल्या मलबारी आजी, फिलिपिनो नर्स, पठाण ड्रायव्हर यांना विचारून यायची आणि खिडक्यांत त्यांना बसवायची. सुपरवायझर म्हणून मी तपासणीला गेलो तर त्यांनी दार उघडल्याचा अभिनय केला आणि मुलांना म्हणाल्या, "यल्ला, चाय टाका. वॉचमनसाहेब आलेत."

मी मात्र स्टाफ पार्ट्यांमध्ये ती निळ्या बादलीची गोष्ट रंगवून सांगायचो. मिसचा वेंधळेपणा म्हणून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. त्या समोरच बसलेल्या असायच्या आणि पुरवणी जोडायच्या, "जहाज विसरलात, सर. जहाजावर पण सांडलं होतं."

निवृत्त होऊन त्या रेवदंड्याला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "या कधीतरी. चौलची खाडी दाखवते. पंधराशे आठमधलं कोणी आता राहत नाही, पण जागा तीच आहे." मी गेलो नाही. मीही निवृत्त झालो आणि इथेच दुबईत, अल मनखूलला मुलाकडे राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचं कळलं. झोपेत गेल्या.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी करामातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला. पोरं आता तिशी ओलांडलेली, काहींच्या कडेवर मुलं. शोकसभा म्हणावी असं काही नव्हतं. एकजण मिसची नक्कल करत होता, दुसरी सांदण वाटत होती, आणि भिंतीवर कोणीतरी कागदाची तीन मजली बिल्डिंग चिकटवली होती. मग निळ्या बादलीचा विषय निघालाच. कोणीतरी म्हणालं, "राऊतसरांना सांगू द्या, ते बेस्ट सांगतात."

मी उभा राहिलो. म्हटलं, "ती बादली मी ठेवली होती. मिसनी चिंध्या सांगितल्या होत्या. रंग माझा. त्यांची नववी माझ्यामुळे गेली, आणि परत देणं माझ्या हातात असताना मी दिली नाही."

मला वाटलं होतं, हॉल गप्प होईल. तसा झालाही, पण धक्का बसल्यासारखा नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. एकानं तर मान वर करून सुटकेचा श्वास सोडला, निकाल लागल्यावर सोडतात तसा.

केतकी उठून माझ्याजवळ आली. आता ती आर्किटेक्ट आहे. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"सर, वुई न्यू," ती म्हणाली. "आम्ही मेकअप रूममध्ये नव्हतोच. मिसनी सांगितलं होतं, आपापल्या खिडकीत बसा, हलू नका. तुम्ही बादली घेऊन परांचीवर चढलात ना, पडद्यामागून बघितलं आम्ही. मी तेव्हा खालच्याच खिडकीत होते. मला वाटलं मिसनीच सांगितलंय."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"मीटिंगनंतर आम्ही सगळे भांडायला निघालो होतो. मिसनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, कोणी बोलायचं नाही, सर स्वतः सांगतील. थोडा वेळ द्या त्यांना." ती किंचित हसली. "सो वुई वेटेड, सर."

मी विचारलं, "कोण कोण थांबलं होतं?"

केतकीनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"अख्खी बिल्डिंग, सर."