जुम्म्याच्या आदल्या दिवशीचा बर्फ

मुरुडची काशिफा अलिबागच्या कॉलेजात गणित शिकवी. एसटीने घरी आली की चहा घेऊन ती आपल्या छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीपाशी बसे. ही लायब्ररी तिने स्वतः लिहिली होती. जी डिफरन्शियल इक्वेशन्स कागदावर सुटत नाहीत, ती सोडवण्याचं काम लायब्ररी करी. अंधारात पायाने चाचपत पायऱ्या उतराव्यात तशी सुरुवातीच्या स्थितीपासून पावलापावलाने ती उत्तरापर्यंत जाई.

तिचे वडील रशीद यांची मासेमारीची बोट होती. बोटीच्या पोटात मासळी ठेवायच्या खणात बर्फ जास्त झाला तर मासळीला जागा उरत नसे, कमी पडला तर मासळी नासे. खणात बर्फ कसा वितळेल, हे काशिफाने लायब्ररीकडून काढलं. नेहमीपेक्षा बर्फाच्या चार लाद्या कमी भरल्या तरी चालेल, असं उत्तर आलं.

"काशिफाताई, उद्या मासळीलापन गणिताच्या शिकवणीला बसवशील," बोटीवरचा भिकू म्हणाला.

"पोरीनं सांगितलंय तेवढाच भर," रशीद म्हणाले.

शुक्रवारी दुपारी वडील नमाजला गेले. तिथून ते थेट बोटीवर जाणार होते. त्यांचा डबा भरताना काशिफाचा हात थांबला. तिने गणित सुरू केलं होतं ते बोट निघण्याच्या वेळेपासून. पण बर्फाचा कारखाना शुक्रवारी बंद, म्हणून शुक्रवारी निघणाऱ्या बोटींचा बर्फ गुरुवारी संध्याकाळीच खणात पडतो. लहानपणापासून ती हे पाहत आली होती, आणि म्हणूनच ते मांडायचं राहून गेलं. समीकरणात खोट नव्हती, सुरुवातच चुकली होती.

एका हातात डबा आणि दुसऱ्यात लॅपटॉप घेऊन ती धक्क्यावर पोहोचली, तेव्हा दोर सोडायचाच बाकी होता.

"अब्बा, माझी चूक झाली. बर्फ पुरणार नाही. कालपासून वितळतोय, ते मी धरलंच नाही."

"घ्या आता," भिकू पुटपुटला. "कारखान्याला तर टाळा हाय."

रशीद यांनी खणाचं झाकण उचलून आत पाहिलं. एवढ्या माणसांची मेहनत वाया गेली तर काशिफाला पुन्हा कोणी काही विचारणार नाही, हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं.

"बर्फ वाढत नाही, तर दिवस कमी करू," ते म्हणाले. "कधी मागं फिरायचं ते विचार तुझ्या मशीनला. या वेळी कालपासून धर."

ती धक्क्यावरच मांडी घालून बसली. सुरुवात बदलली आणि गणित पुन्हा चालवलं. उत्तर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"रविवारी सकाळी फिरा, अब्बा. मासळी कितीही लागली तरी."

"ऐकलंस, भिकू? रविवारी सकाळी."

"आणि सोन्याच्या भावाची घोळ मासळी लागली तर, चाचा?"

"तरीपन," रशीद म्हणाले आणि त्यांनी दोर सोडला.

रविवारी, उन्हं कलायच्या आत, बोट धक्क्याला लागली. मासळी नेहमीपेक्षा थोडी कमी होती, पण ताजी होती. खणाच्या तळाशी अजून थोडा चुरा पांढरा दिसत होता. भिकूने त्यातला मूठभर उचलून काशिफाच्या हातावर ठेवला. तो वितळून संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.