तीन मजली केक आणि दोन गाड्या

माझ्या भाचीच्या लग्नाचा केक मी स्वतः मोडला, आणि तोही मायेपोटी.

तसं म्हटलं तर मी निम्माच मोडला. उरलेला निम्मा माझा धाकटा भाऊ विल्सन याने मोडला. पण तो बोटीवर नोकरीला असतो, त्याला तोंड लपवायला अख्खा समुद्र आहे. मला रोज मालवणच्या बाजारातून शाळेत शिकवायला जावं लागतं आणि मासेवाल्यासुद्धा विचारतात, "बाई, आज गाडयेत काय नाजूक सामान नाय मां?"

भांडणाचं मूळ म्हणजे गाडी. आम्ही घेतली ती साधी पांढरी सेडान. (आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा बस्त्याव. तो गाडी चालवत नाही, शेजारी बसून ब्रेक दाबतो.) दुकानातला पोरगा म्हणाला होता, "मॅडम, हँडलिंगमध्ये ही दुप्पट किमतीच्या गाडीला ऐकणार नाही!" ते वाक्य मी शुभवर्तमानासारखं मानलं. पुढे मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून मी एवढी तयार झाले, की दहावीच्या वर्गात व्याकरण शिकवताना तोंडातून 'सस्पेन्शन' यायचं. अंडरस्टीअर म्हणजे काय ते मला कळलं. आपण वळवतो तिकडे न वळता गाडी आपल्याच तंद्रीत सरळ जाते, त्याला अंडरस्टीअर म्हणतात. आमच्या घरात त्याला बस्त्याव म्हणतात.

आणि मग विल्सनने लालभडक स्पोर्ट्स सेडान घेतली! बसकी, रुंद, डोळे वटारलेली. पहिल्याच दिवशी दारात उभा राहून मला म्हणाला, "बाय, ही वळणावर कलणाच नाय. रस्त्याक चिकटान जाता. तुझी गाडी म्हणजे पाळणो, माणूस निजता आत."

"पाळणो?" मी म्हटलं. "मेल्या, तुझ्या गाडयेत बसूक माणसान साष्टांग घालूचो लागता! नि पैसे दुप्पट मोजून तू वळतलंस ता त्याच वळणावर मां?"

झालं! बहीणभावाचं बोलणं त्या दिवसापासून टायरवरच.

अशात आमच्या थोरल्या बहिणीच्या, फिलूबायच्या मुलीचं लग्न ठरलं. लव्हीनाचं. ही पोर बापाविना वाढलेली आणि मी तिची मादीन, म्हणजे बाप्तिझ्म्याच्या वेळची धर्माची आई. तिने लग्नात एकच हट्ट धरला होता, तीन मजली पांढरा केक. त्याला कारण होतं. फिलूबायच्या लग्नात सगळं होतं, केक तेवढा नव्हता. केक घेऊन येणारी होडी भरतीने अडकली, आणि नवरा-नवरी खाडीच्या अलीकडे, केक पलीकडे! तेव्हा लव्हीनाने ठरवलं होतं, आपल्या केकाचा पहिला तुकडा आईला भरवायचा. केक आणायचा मान मादीन म्हणून माझा. मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बाय, तुझो केक माका सोपव. गाडी आसा माझी!"

लग्न संध्याकाळचं. सकाळीच आम्ही वेंगुर्ल्याला निघालो, आणि विल्सनही निघाला! त्याची बायको ग्लोरिया शेजारी. म्हणे, मामाचाही काही मान असतो. केक करणाऱ्या म्हातारीने तीन मजले तीन खोक्यांत भरून ठेवले होते. "घराक गेल्यार एकार एक बसवा. नि हळू जावा गो," तिने बजावलं.

"तिन्ही खोकी माझ्या गाडयेत," विल्सन म्हणाला. "कलणा नाय माझी."

"मादीन मी आसंय! खोकी माझ्या गाडयेत. धक्को बसणा नाय माझ्या गाडयेक."

म्हातारीच्या ओट्यावर आमची अशी जुंपली की तिचा कुत्रासुद्धा उठून घरात गेला. शेवटी मलाच ती नामी कल्पना सुचली. (शाळेत माझ्या कल्पनांना सगळे घाबरतात. का, ते मला त्या दिवशी कळलं.) मी म्हटलं, "खालचो मोठो मजलो माझ्या गाडयेत. वरचे दोन तुझ्या. जेचो केक बरो पोचतलो, तेची गाडी बरी!"

"मंजूर!"

"आणि केकाक कोणी विचारलास?" बस्त्याव म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. त्याच्या मांडीवर खोका ठेवला आणि निघालो.

सुरुवातीला मी फारच शहाण्यासारखी चालवत होते. खड्डे आले, माझ्या गाडीने ते अलगद गिळले. बस्त्यावने चक्क दोन्ही हात सोडून नाक पुसलं. मी मनात म्हटलं, बघ विल्सन, याला म्हणतात गाडी! तेवढ्यात भोंगा वाजवत लाल गाडी पुढे गेली. जाताना विल्सनने खिडकीतून हात काढून पाळण्याला झोका देतात तशी खूण केली.

आता मला सांगा, कुठल्या थोरल्या बहिणीने हे सहन करावं?

मी गिअर बदलला. बस्त्याव म्हणाला, "रोझी, केक." मी म्हटलं, "माका म्हायत आसा!" परुळ्याच्या अलीकडे रस्ता नागमोडी होतो. पहिल्या वळणावर माझी गाडी उजवीकडे वळली आणि गाडीतलं सगळं डावीकडे गेलं. बस्त्याव दाराला चिकटला, खोका बस्त्यावला चिकटला. पुढचं वळण उलट! आता बस्त्याव माझ्या खांद्यावर आणि खोका आमच्या दोघांच्या मध्ये. (लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढा जवळ तो कधी आला नव्हता.) "हळू गो बाय! हळू!" तो ओरडत होता. "ह्या बॉडी रोल, गाडी कलता तेका म्हणतत!" मी त्याला समजावून सांगत होते. "घाबरा नको! टायर रस्तो सोडणा नाय!"

"टायराचा जावंदे! झाकण सोडल्यान!"

पुढे विल्सनची गाडी वळणांवरून खरंच रुळावर असल्यासारखी जात होती, खोटं कशाला बोलू? पण तिचं सस्पेन्शन फळीसारखं कडक. प्रत्येक खड्ड्याला धाडकन, प्रत्येक गतिरोधकाला पोट घासून खर्रर्र, आणि पाठोपाठ खिडकीतून ग्लोरियाची किंकाळी, "सायबाऽऽ!" ती किंकाळी ऐकून मला किती बरं वाटत होतं, ते पुढच्या रविवारी पाद्रीबाबाकडे कबूल केलं.

नेरूरपारच्या पुलाजवळ दोघेही थांबलो. दोघांच्याही तोंडावर विजय!

"उघड तुझो," विल्सन म्हणाला.

"तू आधी उघड."

शेवटी एकदमच उघडले. माझा मजला खोक्याच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसता पुठ्ठा. साखरेची दोन गुलाबं बस्त्यावच्या कोटाच्या खिशात सापडली. विल्सनचे दोन मजले जागचे इंचभरही हलले नव्हते, पण वरचं आयसिंग हादरून हादरून सगळं खाली गळलं होतं आणि केक पार उघडे पडून भेगाळले होते. म्हणजे बघा, निकाल अगदी शास्त्रशुद्ध लागला होता. साधी सेडान केक आडवा मोडते, स्पोर्ट्स सेडान उभा मोडते!

हसायला मला तेव्हा आलं नाही. मी खोक्याचं झाकण गुपचूप परत लावलं.

लग्नघरी पोचलो तर फिलूबाय दारातच होती. तिने तिन्ही खोक्यांत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या लग्नाक केक नव्हतो. माझ्या चेडवाच्या लग्नाक दोन गाडये भरान केक आसा, पण एकय उभो रवणा नाय!"

आतून लव्हीना आली. अर्धा मेकअप झालेला. तिने बघितलं, तिचे ओठ थरथरले, आणि तिच्याआधी मीच हंबरडा फोडला.

"मावशे, गप रव," ती म्हणाली. "तू रडलंस तर मी रडतलंय, नि माझा काजळ पसारतला." आणि माझेच डोळे तिने पुसले! मी तिचा केक मोडून आले होते आणि ती माझे डोळे पुसत होती. अशी भाची देवाने मला का दिली, मला खरंच माहीत नाही.

तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली. फिलूबायची शेजारीण सुलभावहिनी आणि रिक्षा चालवणारा तिचा नवरा वासू. लग्नघरच्या पाहुण्यांना खापरोळ्या घालायचं वहिनीने कबूल केलं होतं. घावनासारख्या मऊ, जाळीदार, पिवळसर खापरोळ्यांची थप्पी, आणि मांडीवर नारळाच्या गोड रसाचं पातेलं, काठोकाठ भरलेलं. वाटेत एक थेंब सांडला नव्हता! (वासू चांगला चालवतो असं नाही. मागून वहिनीने त्याची कॉलर धरलेली असते.)

वहिनीने खोक्यांत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला. "रडतास कित्या गो? मजलेच होये मां?"

मोठ्या ताटात मोठ्या खापरोळ्यांची एक थप्पी, तिच्यावर बेताच्या, तिच्यावर लहान. बस्त्यावच्या खिशातली दोन गुलाबं वर. कडेने पांढरी शेवंती. संध्याकाळी नवरा-नवरीने सुरी लावली, आणि लव्हीनाने पहिला तुकडा रसात बुडवून फिलूबायच्या तोंडात घातला. फिलूबाय इतकी रडली, इतकी रडली, आणि मग म्हणाली, "आणखी दी." मोडका केक आम्ही चमच्याने सगळ्यांना वाटला, तोही संपला. सुलभावहिनीचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, आणि फेडावेसे वाटतही नाहीत. असे उपकार अंगावर राहिलेलेच बरे.

मग नवरीला कट्टा गावी सासरी पोचवायची वेळ झाली. दोन्ही गाड्यांना फुलं, रिबिनी लावलेल्या. मी माझ्या गाडीचं दार उघडून उभी, विल्सन त्याच्या गाडीचं. लव्हीनाने माझ्या गाडीकडे बघितलं. त्याच्या गाडीकडे बघितलं. मग गाऊन दोन्ही हातांनी उचलला, नवऱ्याला ओढलं आणि वासूच्या रिक्षात जाऊन बसली.

"मावशे, मामा," ती आतून म्हणाली, "तुम्ही मागसून येवा. हळू येवा."

पुढे रिक्षा, दोन्ही बाजूंनी पांढरा गाऊन बाहेर आलेला. मागे लाल गाडी. तिच्या मागे मी. कट्ट्यापर्यंत ना माझी गाडी कुठे कलली, ना विल्सनची कुठे आदळली. तिथे उतरल्यावर विल्सन माझ्याजवळ आला, खाली मान घालून म्हणाला, "बाय, मानलंय. तुझ्या गाडयेचा हँडलिंग माझ्या गाडयेच्या तोडीचा आसा."

हे ऐकायला माझे कान आसुसले होते. त्यासाठी फक्त रिक्षाच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये राहावं लागतं, एवढंच मला आधी माहीत नव्हतं!